मानसशास्त्रातला पहिला प्रयोग: पंधरा शब्दांच्या यादीपासून अहवालापर्यंत

मानसशास्त्राचा अभ्यास सुरू केला की पहिल्याच प्रकरणात परिवर्त्य, गृहीतक, नियंत्रण, नमुना असे शब्द भराभर येतात. ते पाठ होतात, पेपरात लिहिलेही जातात. पण नियंत्रण कशासाठी लागते हे खरे उमगते ते आपल्याच प्रयोगाचा निकाल पाहून कोणी विचारल्यावर, ‘कशावरून? दुसरे काही कारण नसेल कशावरून?’ संशोधन पद्धतीतला जवळजवळ प्रत्येक नियम या एका प्रश्नाला तोंड देण्यासाठी तयार झाला आहे. म्हणून इथे स्मरणाचा एकच प्रयोग घेतला आहे आणि प्रत्येक पायरीला ती कोणते ‘दुसरे कारण’ बाद करते ते सांगितले आहे. साहित्य फारसे नाही: कागद, पेन, मोबाईल आणि २४ माणसे. एका माणसाला साधारण १५ मिनिटे लागतात.

प्रश्न मोजता येईल असा करा

‘स्मरणशक्ती कशी चालते?’ हा प्रश्न मोठा आहे, पण त्यावर प्रयोग उभा राहत नाही, कारण काय मोजायचे ते त्यात नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्मरणावरचे आपले काम प्रसिद्ध केले. विसरणे मोजायचे कसे, याचा मार्ग त्याने काढला हे त्यातले सर्वांत मोठे काम. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या तो स्वतःच पाठ करायचा, काही काळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते नोंदवायचा. २० मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के बचत, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के, महिन्यानंतर सुमारे २१ टक्के. ‘विसरलो’ या अनुभवाचा त्याने आकडा केला. एखादी मनातली गोष्ट नेमक्या कोणत्या कृतीने मोजायची हे ठरवणे म्हणजे कार्यात्मक व्याख्या. ती पक्की नसेल तर पुढचे सगळे काम वाया जाते.

आपला प्रश्न असा ठेवू: यादीतला शब्द कितव्या जागेवर आहे यावर तो आठवणे अवलंबून असते का? आणि यादी संपल्यावर अर्धा मिनिट दुसऱ्या कामात गेला तर कोणत्या जागेवरचे शब्द हरवतात? बेनेट मर्डॉक यांनी १९६२ मध्ये वेगवेगळ्या लांबीच्या याद्या वापरून पहिल्या भागाचे उत्तर दिले. मरे ग्लँझर आणि अनिता क्युनित्झ यांनी १९६६ मध्ये दुसऱ्या भागाचे. उत्तर माहीत असलेला प्रयोग पहिल्यांदा निवडणे हिताचे असते, कारण निकाल वेगळा आला तर आपली चूक कुठे झाली ते शोधता येते.

आता गृहीतक लिहा, तारीख घालून, एकाही माणसाला बसवण्याआधी: ‘तात्काळ आठवताना यादीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द मधल्यांपेक्षा जास्त आठवतील. ३० सेकंद उलटी मोजणी केल्यावर शेवटच्या शब्दांचा हा फायदा निघून जाईल, सुरुवातीच्या शब्दांचा टिकेल.’ हे गृहीतक खोटे ठरू शकते, म्हणून ते चांगले. ‘जागेचा स्मरणावर परिणाम होतो’ एवढेच लिहिले तर काहीही निकाल आला तरी ते खरे ठरवता येते आणि त्यातून शिकायला काही मिळत नाही.

स्वतंत्र परिवर्त्य म्हणजे आपण मुद्दाम बदलतो ते. इथे ते दोन आहेत: शब्दाची जागा (१ ते १५) आणि आठवण्याची वेळ (तात्काळ किंवा ३० सेकंदांनी). अवलंबी परिवर्त्य म्हणजे आपण मोजतो ते: बरोबर आठवलेले शब्द. बाकी जे जे निकालात लुडबूड करू शकते (शब्द किती ओळखीचा, वाचणाऱ्याचा आवाज, खोलीतला गोंगाट, माणसाची थकावट) ती बाह्य परिवर्त्ये. पुस्तकागणिक ही नावे थोडी बदलतात, काम तेच.

यादी तयार करणे

इथे घाई करू नका. नवख्यांचे प्रयोग सर्वांत जास्त इथेच बिघडतात.

आधी ३० शब्द जमवा. सगळी नामे, डोळ्यांसमोर येतील अशा वस्तूंची, दोन ते तीन अक्षरांची, रोजच्या बोलण्यातली. ‘न्याय’, ‘आशा’ असे अमूर्त शब्द नकोत, कारण चित्र डोळ्यांसमोर उभे राहणारे शब्द जास्त आठवतात आणि मग जागेचा परिणाम कोणता व शब्दाचा कोणता हे वेगळे करता येत नाही. ‘साप’, ‘रक्त’, ‘प्रेत’ असे दचकवणारे शब्दही काढा. त्यानंतर जोड्या शोधा. ‘चहा’ आणि ‘साखर’ एकाच यादीत असले तर एक आठवला की दुसरा फुकट मिळतो. ‘माती’ आणि ‘वाती’ यमकामुळे एकमेकांना ओढून आणतात. दोन फळे, दोन भांडी, दोन प्राणी एका यादीत येऊ देऊ नका. लिहिताना आपल्याला हे दिसत नाही, म्हणून यादी दुसऱ्या कोणाला तरी दाखवून ‘यात कशाचा कशाशी संबंध लागतो?’ एवढेच विचारा.

तीसही शब्द चिठ्ठ्यांवर लिहा, चांगले मिसळा आणि १५-१५ चे दोन गट करा: यादी अ आणि यादी ब. हाताने ‘सारखे’ गट पाडायला गेलात तर नकळत सोपे शब्द एकीकडे जातात. चिठ्ठ्या असा पक्षपात करत नाहीत. मात्र चिठ्ठ्यांनी एखादी जोडी एकाच यादीत टाकली तर तेवढा एक शब्द दुसऱ्या यादीतल्या शब्दाशी बदला. एक चालेल अशी यादी: चटई, बैल, टोपी, लिंबू, आरसा, जहाज, नाणे, डोंगर, कात्री, शिडी, डबा, विहीर, पतंग, झाडू, वीट.

आता एक ‘दुसरे कारण’ उरते. ‘चटई’ सर्वांना आठवली, पण ती पहिली होती म्हणून की तो शब्दच सोपा होता म्हणून? यावर उपाय म्हणजे यादी फिरवणे. पाच-पाच शब्दांचे तीन तुकडे करा. पहिल्या आवृत्तीत क्रम १-२-३, दुसरीत २-३-१, तिसरीत ३-१-२. अशाने प्रत्येक शब्द काही जणांना सुरुवातीला, काहींना मध्ये, काहींना शेवटी ऐकू येतो आणि शब्दाचा स्वतःचा सोपेपणा तिन्ही भागांत सारखा वाटला जातो.

पंधराच शब्द का? आठ-दहा घेतले तर बरेच जण सगळे लिहून मोकळे होतात आणि वरची मर्यादा गाठली गेल्याने फरक दिसायला जागाच उरत नाही. तीस घेतले तर लोक वैतागतात आणि मध्येच सोडून देतात.

ध्वनिमुद्रण

शब्द समोर बसून वाचू नका. मोबाईलवर मेट्रोनोमचे (ठरावीक वेगाने ठोके देणारे) ॲप मिनिटाला ३० ठोक्यांवर लावा, कानात इअरफोन घाला आणि दर ठोक्याला एक शब्द, सपाट आवाजात, असे वाचून मुद्रित करा. दोन सेकंदांना एक शब्द पडतो आणि यादी ३० सेकंदांत संपते. दोन याद्या, तीन आवृत्त्या, म्हणजे सहा फाइली.

या खटाटोपामागे एक प्रसिद्ध घोडा आहे. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी पद्धतशीर चाचण्या घेतल्या तेव्हा दिसले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला, तर हान्स चुकतो. विचारणाऱ्याच्या डोक्याची, शरीराची नकळत होणारी बारीक हालचाल पाहून तो थांबत होता. मालकाने फसवणूक केलेली नव्हती, त्याला स्वतःलाही हे ठाऊक नव्हते. समोर बसून यादी वाचणारा प्रयोगकर्ताही असाच शेवटच्या शब्दांवर आवाज चढवतो. मग शेवटचे शब्द जास्त आठवले ते कशामुळे, सांगता येत नाही.

कोणाला काय, कोणत्या क्रमाने

दोन मार्ग आहेत. एका गटाला तात्काळ आठवायला सांगायचे आणि दुसऱ्याला उलट्या मोजणीनंतर. किंवा प्रत्येक माणसाकडून दोन्ही करून घ्यायचे. माणसामाणसांच्या स्मरणात मुळातच मोठा फरक असतो. पहिल्या मार्गात तो फरक निकालात मिसळतो आणि तो निवळायला पुष्कळ माणसे लागतात. दुसऱ्या मार्गात प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होते, म्हणून २४ माणसांत काम भागते. पण दुसऱ्या मार्गाला त्याची किंमत आहे: दुसऱ्या यादीपर्यंत माणूस सरावतो, थकतो किंवा पहिल्या यादीतले शब्द दुसरीत घुसवतो.

म्हणून क्रम उलटसुलट करायचा, म्हणजेच प्रतिसंतुलन. आधी यादी अ की ब, आणि आधी तात्काळ की मोजणीनंतर, यांच्या चार जोडण्या होतात. त्यांना यादीच्या तीन आवृत्त्यांनी गुणले की १२. प्रत्येक जोडणी दोन जणांना दिली की २४. हा आकडा इथूनच आला आहे. २० किंवा २५ माणसे घेतलीत तर हा हिशेब मोडतो.

चोवीस चिठ्ठ्यांवर या जोडण्या लिहा (उदा. ‘आधी ब, मोजणी. मग अ, तात्काळ. आवृत्ती २’), घडी करून डब्यात टाका आणि माणूस आला की तुम्ही एक उचला. ‘सकाळी आलेल्यांना हे, दुपारी आलेल्यांना ते’ असे कधीही करू नका. सकाळची माणसे आणि जेवून सुस्तावलेली माणसे वेगळी असतात.

माणसे आणि त्यांची संमती

वर्गातले मित्र हा सोयीचा नमुना. तो वापरायला हरकत नाही, पण निष्कर्ष ‘सर्व माणसांना’ लागू आहे असे लिहू नका. ही मर्यादा फक्त विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना आहे असे नाही. जोसेफ हेन्रिच, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की मोठ्या मानसशास्त्रीय नियतकालिकांतल्या संशोधनात ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते आणि त्या देशांत जगाची लोकसंख्या जेमतेम १२ टक्के आहे. मराठी बोलणाऱ्यांवर, मराठी शब्द घेऊन केलेला साधा प्रयोगही म्हणून उपयोगाचा असतो, नीट केला तर.

मराठी ज्यांची रोजची भाषा आहे अशांनाच घ्या. ऐकायला त्रास असलेल्यांना बसवू नका. आधी भाग घेतलेल्याला ‘बाहेर कोणाला शब्द सांगू नका’ असे स्पष्ट सांगा, कारण एकाच वसतिगृहातली माणसे असली की तासाभरात यादी फुटते.

संमती लेखी घ्या. मजकूर साधा असावा: ‘हा शब्द ऐकून आठवण्याचा अभ्यास आहे. साधारण १५ मिनिटे लागतील. ही बुद्धिमत्तेची किंवा स्मरणशक्तीची परीक्षा नाही. तुमचे नाव उत्तरपत्रिकेवर लिहिले जाणार नाही, फक्त क्रमांक असेल. तुम्ही कधीही, कारण न सांगता, थांबू शकता.’ खाली सही आणि तारीख. संमतीपत्रे उत्तरपत्रिकांपासून वेगळ्या पाकिटात ठेवा. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही. घरातल्या लहान भावाला ‘बस रे जरा’ म्हणून बसवणे म्हणजे संमती नव्हे. शिक्षकांनी आपल्याच वर्गातल्या मुलांना सांगितले तर नकार देणे कठीण होते, हेही लक्षात असू द्या.

एवढ्या निरुपद्रवी प्रयोगाला इतके कशाला, असे वाटेल. स्टॅनली मिलग्रॅम यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आज्ञापालनाच्या अभ्यासात सहभागींना दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितले होते आणि ४० पैकी २६ पुरुष ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. विजेचे झटके खोटे होते, पण झटके देणाऱ्यांना फुटलेला घाम खरा होता. अशा अभ्यासांवर झालेल्या वादांनी आजचे नियम घडवायला मदत केली. सवय लहान प्रयोगातच लागते.

प्रत्यक्ष बैठक

शांत खोली, एका वेळी एकच माणूस, त्याचा मोबाईल बंद. तुम्ही समोर न बसता बाजूला बसा. सूचना तोंडी रचू नका, कागदावर लिहून सर्वांना तीच वाचून दाखवा:

‘तुम्हाला काही शब्द ऐकू येतील. ते लक्षपूर्वक ऐका. यादी संपल्यावर मी “लिहा” म्हणालो तर आठवतील तेवढे शब्द लगेच लिहा, कोणत्याही क्रमाने. “लिहा” न म्हणता मी एखादी संख्या सांगितली तर त्या संख्येतून तीन-तीन वजा करत मोठ्याने मोजत जा आणि मी “लिहा” म्हणाल्यावर शब्द लिहा. लिहिण्यासाठी दीड मिनिट आहे.’

पाच-पाच शब्दांच्या दोन छोट्या याद्यांवर सराव द्या, एकदा तात्काळ, एकदा मोजणीनंतर. ‘लिहा’ की ‘मोजा’ हे यादी संपेपर्यंत कळू द्यायचे नाही. आधीच कळले तर माणूस ऐकण्याची तऱ्हाच बदलतो: मोजणी येणार म्हटल्यावर सुरुवातीचे शब्द घोकत बसतो आणि शेवटचे सोडून देतो. दुसऱ्या यादीच्या वेळी काहींना अंदाज येतोच. क्रम उलटसुलट केल्याने त्याचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो.

संख्या तीन अंकी असू द्या, समजा ४८६. मोजणी मोठ्यानेच हवी. मनातल्या मनात मोजणारा खरे तर शब्द घोकत असतो. मराठी माध्यमातून न शिकलेले लोक इथे अडखळतात: ‘चारशे सत्त्याहत्तर’ म्हणायला त्यांना वेळ लागतो आणि ते इंग्रजी आकड्यांवर जातात. जाऊ द्या, पण कोणत्या भाषेत मोजले ते उत्तरपत्रिकेवर टिपून ठेवा. ३० सेकंद घड्याळावर पाहा, अंदाजाने नको.

लिहिताना बहुतेक जण शेवटचे शब्द आधी उतरवतात. थांबवू नका. तोही निकालाचाच भाग आहे. दीड मिनिट होताच कागद घ्या. दोन याद्यांमध्ये दोन मिनिटे विश्रांती द्या आणि त्या वेळी शब्दांबद्दल काही बोलू नका.

शेवटी अंतर्निरीक्षणाचा अहवाल घ्या: ‘शब्द लक्षात ठेवण्यासाठी तुम्ही काय केले?’ विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तेव्हा अंतर्निरीक्षण हे या शास्त्राचे महत्त्वाचे साधन होते. पुढे त्यावरचा विश्वास ओसरला, कारण दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर निवाडा करायला काही साधन नव्हते. आजही आपल्याकडच्या प्रयोगवहीत त्याची जागा आहे आणि ती योग्य आहे, फक्त ती पुरावा म्हणून वापरायची नाही. ‘मी शब्दांची गोष्ट केली’ असे कोणी सांगितले तर त्याचे मधले शब्द जास्त का आले हे समजायला मदत होते. हा अहवाल सहभागी व्यक्तीच्या शब्दांत लिहून घ्या. ‘प्रयोग आवडला, मजा आली’ असे घरी बसून वहीत लिहिणे ही वाईट खोड आहे आणि तपासणाऱ्याला ती लगेच कळते.

जाण्याआधी प्रयोग कशाबद्दल होता ते सांगा आणि पुन्हा एकदा स्पष्ट करा की कमी शब्द आठवणे म्हणजे डोके कमी असणे नव्हे. कोणाचे गुण दुसऱ्याला सांगू नका.

हे सगळे २४ जणांवर करण्याआधी तीन वेगळ्या माणसांवर पूर्वचाचणी घ्या. सूचना न कळणे, फाइल चुकीची लागणे, वेळ कमी पडणे, हे सारे तिथे उघडे पडते. या तिघांची माहिती मुख्य निकालात मिळवू नका.

गुण देणे

नियम उत्तरे पाहण्याआधी लिहून ठेवा. ‘नाणे’ ऐवजी ‘नाणी’ बरोबर. शुद्धलेखनाची चूक माफ. ‘झाडू’ ऐवजी ‘केरसुणी’ चूक, कारण आपण शब्द मोजतो आहोत. एकच शब्द दोनदा लिहिला तर एकदाच धरा. यादीत नसलेला शब्द घुसखोर म्हणून वेगळा मोजा. शक्य असेल तर उत्तरपत्रिका अशा व्यक्तीकडून तपासून घ्या जिला ती तात्काळची आहे की मोजणीनंतरची हे माहीत नाही.

निकाल पाहून नियम बदलण्याचा मोह फार मोठा असतो: ‘हा माणूस झोपेतच होता, याला काढू.’ काढायचे निकषही आधीच ठरवा, उदाहरणार्थ मध्येच फोन वाजला किंवा मोजणी केलीच नाही. ज्याला काढले त्याच्या जागी त्याच चिठ्ठीवर नवा माणूस बसवा आणि अहवालात तसे लिहा. २०१५ मध्ये एका मोठ्या संघाने प्रसिद्ध झालेले १०० मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थ (निव्वळ योगायोगाचे म्हणता न येणारे) होते, पुनरावृत्तीत फक्त ३६ टक्क्यांत. याला अनेक कारणे होती, पण आकडे पाहून मग नियम ठरवण्याची सवय हे त्यातले एक मोठे कारण मानले जाते.

आकडेमोड

प्रत्येक जागेसाठी, १ ते १५, किती जणांना तो शब्द आठवला ते मोजा. पहिल्या जागेवरचा शब्द २४ पैकी १८ जणांना आठवला असेल तर ७५ टक्के. लक्षात ठेवा, जागा म्हणजे त्या माणसाला ऐकवलेल्या आवृत्तीतली जागा, मूळ यादीतली नव्हे. इथे हमखास गोंधळ होतो. प्रत्येक उत्तरपत्रिकेला तिच्या आवृत्तीची यादी टाचून मगच मोजायला बसा.

आलेख काढा: आडव्या अक्षावर जागा, उभ्या अक्षावर टक्के, तात्काळची एक रेषा आणि मोजणीनंतरची दुसरी. तात्काळची रेषा डावीकडे उंच, मध्ये खाली, उजवीकडे पुन्हा वर गेलेली दिसायला हवी. दुसरी रेषा डावीकडे पहिलीच्या जवळपास आणि उजवीकडे सपाट. २४ माणसांत रेषा खडबडीत येते. ती गुळगुळीत करण्यासाठी आकडे ‘सुधारू’ नका.

आता प्रत्येक माणसाच्या शेवटच्या पाच शब्दांचे गुण घ्या (० ते ५), दोन्ही परिस्थितींसाठी. मध्यमान (सरासरी) आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते) काढा. फरक निव्वळ योगायोगाचा नाही हे तपासायला सर्वांत सोपी चिन्ह चाचणी: किती जणांचे गुण तात्काळला जास्त आले, किती जणांचे मोजणीनंतर जास्त आले. समान आलेल्यांना वगळा. २४ पैकी २४ जणांत फरक असेल तर किमान १८ जण एकाच बाजूला हवेत, तरच निकाल ०.०५ पातळीवर सार्थ म्हणता येतो. १७ पुरत नाहीत. चौघांचे समान आले आणि २० उरले तर किमान १५ हवेत. ज्यांना टी चाचणी येते त्यांनी जोडीची टी चाचणी वापरावी. स्वाधीनता मात्रा २३ असताना सारणीतले मूल्य २.०६९ आहे, तुमचे मूल्य त्याहून मोठे हवे.

हीच तुलना पहिल्या पाच शब्दांवरही करा. गृहीतकाचा अर्धा भाग तिथे आहे आणि विद्यार्थी तो विसरतात. एक इशारा: पहिल्या पाचांत सार्थ फरक दिसला नाही म्हणजे ‘फरक नाही’ हे सिद्ध झाले असे नव्हे. २४ माणसांत लहान फरक निसटू शकतो. ‘फरक आढळला नाही’ एवढेच लिहा.

निकालाचा अर्थ लावताना

नेहमीचे स्पष्टीकरण असे: सुरुवातीच्या शब्दांना घोकायला जास्त वेळ मिळतो म्हणून ते दीर्घकालीन स्मरणात उतरतात. शेवटचे शब्द अजून अल्पकालीन स्मरणात ताजे असतात, म्हणून लगेच विचारले तर मिळतात आणि मोजणीने पुसले जातात. पहिल्या भागाला आधार आहे. डेवी रुंडस यांनी १९७१ मध्ये लोकांना मोठ्याने घोकायला लावले तेव्हा सुरुवातीचे शब्द जास्त वेळा घोकले जातात हे थेट ऐकू आले.

दुसऱ्या भागाबाबत सावध लिहा. रॉबर्ट बॉर्क आणि विल्यम व्हिटन यांनी १९७४ मध्ये प्रत्येक शब्दजोडीच्या आधी आणि नंतर अडथळ्याचे काम दिले. अल्पकालीन स्मरण रिकामे व्हायला हवे होते, तरी शेवटच्या शब्दांचा फायदा काही प्रमाणात टिकला. म्हणजे अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशी स्मरणाची ‘दोन कोठारे’ हे चित्र उपयोगाचे असले तरी अखेरचे नाही. तुमच्या निकालातून दोन कोठारे ‘सिद्ध’ होत नाहीत, निकाल त्या कल्पनेशी जुळतो एवढेच म्हणता येते.

प्रयोग जिथे चालत नाही

प्रत्येक प्रश्न असा प्रयोगशाळेत आणता येत नाही. मेंदूला इजा झाल्यावर स्मरणाचे काय होते हे पाहण्यासाठी कोणी इजा करू शकत नाही. तिथे व्यक्ती-अभ्यास, म्हणजे एकाच माणसाचा बारकाईने अभ्यास, लागतो. हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली, मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (स्मरणाशी निगडित भागाचा) बराच भाग काढला गेला आणि त्यानंतर घडलेल्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. चार-सहा आकडे मात्र ते काही क्षण नीट धरून ठेवू शकत. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. आपल्या आलेखाची दोन टोके वेगवेगळी वागतात, त्याच्याशी हे जुळते. पण एका माणसावरून सर्वांबद्दल बोलता येत नाही, म्हणून व्यक्ती-अभ्यास आणि प्रयोग एकमेकांना आधार देतात.

प्रयोगाऐवजी सर्वेक्षण करत असाल तर एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. ‘तुम्हाला अभ्यासाचा आणि परीक्षेचा ताण येतो का?’ याला ‘हो’ म्हणणाऱ्याने कशाला हो म्हटले ते कळत नाही. निरीक्षण करताना काय मोजायचे ते आधी ठरवा आणि दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदी कराव्यात. सहसंबंध −१ ते +१ यांच्या मध्ये असतो आणि दोन गोष्टी बरोबरीने बदलतात एवढेच सांगतो. रात्री मोबाईल जास्त पाहणारे कमी झोपतात असे आढळले तर मोबाईलमुळे झोप उडते, झोप येत नाही म्हणून मोबाईल हातात येतो, की परीक्षेच्या धास्तीने दोन्ही होते? तिन्ही शक्य आहेत आणि सहसंबंधाचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यातून निवड होत नाही.

अहवाल

प्रश्न आणि गृहीतक, पद्धत, निकाल, चर्चा, हा क्रम ठेवा. पद्धत इतकी नेमकी लिहा की दुसऱ्या गावातल्या विद्यार्थ्याला तुम्हाला न विचारता तोच प्रयोग करता यावा: शब्द कोणते, वेग किती, सूचना काय, किती जणांना वगळले, का. निकालात फक्त आकडे आणि आलेख, अर्थ चर्चेत. गृहीतक खरे ठरले नाही तर तसेच लिहा. त्यासाठी गुण कापणाऱ्या परीक्षकाचे चुकते, तुमचे नव्हे. कच्च्या उत्तरपत्रिका फेकू नका.

पुढचा प्रयोग करायचा असेल तर एकच गोष्ट बदला. दोन सेकंदांऐवजी तीन सेकंदांना एक शब्द द्या आणि तात्काळ आठवायला सांगा. सुरुवातीची आणि मधली रेषा वर सरकायला हवी, शेवटची जवळपास तिथेच राहायला हवी. किंवा मोजणी ३० ऐवजी १० सेकंद ठेवा. शेवटच्या शब्दांचा फायदा पुरता न जाता अर्धवट उरलेला दिसेल. दोन्ही बदल एकदम केलेत तर रेषा कशामुळे हलली ते कळणार नाही.